रोडबाइकला मोटर बसवून ऑफिससाठी हलकी ई-सायकल करता येईल का?

येईल. मोटर कुठली, वजन किती, खर्च किती ते खाली लिहितो, पण तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचल्यावर आधी त्याच्यावरच लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही. तुम्ही लिहिलंय की रोज १८ किलोमीटर जायचं आहे, मध्ये चढ आहे, रोडबाइक घरात पडून आहे, आणि दुकानदार म्हणतो "पुढच्या चाकात २५० वॅटची मोटर टाकून देतो, तासाभराचं काम, टॉर्क आर्म वगैरे लागत नाही". (टॉर्क आर्म म्हणजे मोटरचा एक्सल जागेवर फिरू नये म्हणून त्याला धरून ठेवणारी पट्टी.) हे वाक्य मी ऐकलंय. जवळजवळ शब्द न शब्द ऐकलंय.

मी पिरंगुटला एका टूलरूममध्ये (साचे आणि हत्यारं बनवायचा विभाग) आहे, वीस वर्षं झाली, राहतो कोथरूडला. घर ते कंपनी १५ किलोमीटर. पौड रोड ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, कोथरूड डेपो सोडला की चांदणी चौकापर्यंत चढ, मग भूगावकडे उतार, भुकूम, आणि पुढे पिरंगुटचा घाट. येताना तोच घाट दुसऱ्या बाजूने, तेही दिवसभर मशीनवर उभं राहून झाल्यावर. हे सगळं मी आठवड्यातून तीन-चार दिवस नुसत्या पायांवर करायचो आणि त्याचा मला अभिमान होता, अजून आहे. मग उजव्या गुडघ्यातला मेनिस्कस (सांध्यातली कूर्चेची गादी) फाटला, जिन्यावरून पाय सरकून, सायकलचा त्यात काही दोष नाही. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले सायकल चालवा, चालवलीच पाहिजे, फक्त चढावर जोर लावून पायडल मारू नका. म्हणून २०२१ मध्ये मोटरचा विचार सुरू झाला.

माझ्या मोठ्या भावाचा, दादाचा, शाळेतला मित्र सायकलला किट बसवून द्यायचा. दादाच मला घेऊन गेला. माझ्या सायकलचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, अल्युमिनियमचा. आता रोडबाइकच्या पुढच्या चिमट्याची एक्सल बसायची खाच असते ९ मिलिमीटर, आणि हब मोटरचा (चाकाच्या मध्यभागी बसणारी मोटर) एक्सल असतो १२ चा, दोन बाजूंनी सपाट केलेला, सपाटावर १० मिलिमीटर. म्हणजे तो आत जातच नाही. दादाच्या त्या मित्राने माझ्या डोळ्यांदेखत कानस घेतली आणि खाच घासून मोठी केली. शिवाय चिमट्याच्या टोकाला बाहेरून एक उंच कड असते, नट सैल झाला तरी चाक निसटू नये म्हणून दिलेली. मोटरचा मोठा वॉशर त्या कडेवर जाऊन टेकला, आतल्या सपाट जागेला तो लागलाच नाही. मी म्हटलं, हा वॉशर नीट बसत नाहीये, आणि एक्सल फिरू नये म्हणून पट्टी कुठाय? तो म्हणाला, टॉर्क आर्म हजार वॅटला लागतो, २५० ला काही होत नाही, नट कचकून आवळला की विषय संपला, आत्तापर्यंत एवढ्या लोकांना बसवून दिलंय. दादा शेजारीच उभा होता, तो म्हणाला, तुला सगळीकडे मायक्रॉन दिसतात. आणि मी गप्प बसलो. रोज ज्या गोष्टीसाठी पोरांना ओरडतो तीच समोर चुकीची होताना बघून गप्प बसलो, कारण दादाच्या मित्राला दादासमोर काय बोलणार.

अकरा दिवस चालली. बाराव्या दिवशी सकाळी चांदणी चौकाच्या अलीकडे, तेव्हा तो जुना पूल होता, ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला तो, पुढचा टेम्पो थांबला म्हणून मीही थांबलो. टेम्पो हलला, मी पायडल अर्धं फिरवलं. साधा सेन्सर फक्त पायडल फिरतंय का एवढंच बघतो, पायाने किती जोर लावलाय ते त्याला कळत नाही, त्यामुळे मोटरने एकदम पूर्ण ओढ घेतली आणि खालून 'टक्' असा आवाज आला, भोकात आटे पाडायचा टॅप मोडताना येतो तसा. चाक तिरकं होऊन चिमट्यात अडकलं आणि मी हँडलवरून पुढे. वेग चालण्याएवढाच होता म्हणून हनुवटीला चार टाके आणि डाव्या तळहाताची सालटी निघाली तेवढ्यावर भागलं. मागे पीएमपीची बस होती, त्या ड्रायव्हरने वेळेत ब्रेक मारला आणि स्वतः उतरून सायकल बाजूला घेतली. आदल्या दिवशी त्याच चाकावर, त्याच नटांवर मी घाट ताशी ४५ ने उतरलो होतो. हे आठवलं की मला आजही कसंतरी होतं.

दुसऱ्या दिवशी चिमटा कंपनीत बेंचवर ठेवून बघितला. कानशीने १० केलेली खाच तोंडाशी १२.४ झालेली. आतल्या दोन्ही भिंतींवर एक्सलच्या कोपऱ्यांनी चर पाडलेला, गोल, चकचकीत, बोरिंग केल्यासारखा. खाचेच्या बाजूचा एक कान मुळाशी तडकलेला. एक्सलमधून बाहेर येणारी वायर एक्सलभोवतीच दीड वेढा गुंडाळलेली, आणि तिच्यातल्या निळ्या-हिरव्या-पिवळ्या जाड तारा सोलून हॉल सेन्सरच्या (मोटर कुठवर फिरली ते सांगणारा सेन्सर) बारीक तारांना टेकलेल्या, त्यामुळे मोटरला वीज पुरवणारा कंट्रोलरही जळाला. दादाचा तो मित्र म्हणाला, नट तुम्हीच सैल ठेवला असणार. दादाही तेच म्हणाला.

आता हिशोब बघा, कारण २५० वॅटला काही होत नाही हे वाक्य इथेच मरतं. छोट्या गिअरवाल्या हब मोटरचा जास्तीत जास्त टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, ३५ न्यूटन-मीटर धरा, आत प्लॅनेटरी गिअर असतात त्यामुळे मोटर लहान असली तरी एवढा सहज निघतो. जेवढा टॉर्क चाकाला पुढे फिरवतो तेवढाच एक्सलला उलटा फिरवायला बघतो. एक्सलला धरून ठेवणारे कोपरे एकमेकांपासून साधारण १० मिलिमीटरवर. ३५ भागिले ०.०१, म्हणजे ३५०० न्यूटन, साधारण साडेतीनशे किलो. हे वजन अल्युमिनियमच्या एका पातळ कडेवर, प्रत्येक सिग्नलला, प्रत्येक वेळी सुरू करताना. तीच गोष्ट १०० मिलिमीटर लांबीच्या पट्टीने चौकटीवर धरली की टोकाशी ३५ किलो उरतात, ते साधी होज क्लिपसुद्धा धरते. एवढ्यासाठी तो टॉर्क आर्म.

दुसऱ्यांदा सगळं मी स्वतः केलं. नवा चिमटा घेतला आणि पुढचं चाक साधंच ठेवलं. मोटर मागे. माझ्या सायकलला मागे चौकटीतलं अंतर १३० मिलिमीटर, मोटर मिळते ती १३५ ची. स्टीलची चौकट असेल तर जाणता माणूस हळूहळू फाकवून देतो, अल्युमिनियमला ते करू नका. मी एक्सलवरचे स्पेसर लेथवर फेसिंग करून, म्हणजे जाडी कमी करून, १३१ वर आणलं, सात गिअरचं फ्रीव्हील लावलं, चेन चौकटीला घासत नाही ना बघितलं आणि चाकाचा आउट (वाकडेपणा) परत काढून घेतला. टॉर्क आर्म ६ मिलिमीटर स्टेनलेस स्टील ३०४ च्या प्लेटमधून, खाच वायरकट मशीनवर १०.०५, दोन्ही बाजूंना एकेक. एक्सल हाताने दाबून आत गेला पाहिजे पण हलवला तर कुठेच खुळखुळता कामा नये, असं फिट. नट टॉर्क पान्याने ४० न्यूटन-मीटरला आवळले आणि वायर खालून वळवून वर नेली म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून एक्सलमध्ये न जाता खाली ठिबकतं.

तेव्हापासून तीन पावसाळे आणि १४ हजार किलोमीटरच्या वर झालंय. गेल्या दिवाळीत चाक उतरवून व्हर्निअर लावला, खाच १०.०६.

आता तुमचं. रोडबाइकला गिअरवाली छोटी हब मोटरच घ्या, दोन-अडीच किलोची. तिच्यात क्लच असतो, मोटर बंद असली की चाक मोकळं फिरतं. सपाटीला तुम्ही ताशी २५ च्या वर स्वतःच जाता, तिथे मोटर मागे ओढत असेल तर रोडबाइकची मजाच गेली. डायरेक्ट ड्राइव्हची, म्हणजे आत गिअर नसलेली, जड हब तेच करते. कंट्रोलरमध्ये हळू सुरुवात करायची सेटिंग असते, ती चालू ठेवा. पायाचा जोर मोजणारा टॉर्क सेन्सर परवडत असेल तर घ्याच, चालवताना फरक पहिल्याच चौकात कळतो.

बॅटरी मोठी घेऊ नका, सगळे इथेच चुकतात. माझी ३६ व्होल्टची, १८६५० आकाराचे ३० सेल, १०.५ अँपिअर-अवर म्हणजे ३७८ वॅट-अवर, केसिंगसकट दोन किलोच्या आसपास. मी स्वतः पायडल मारतो त्यामुळे किलोमीटरला ९ वॅट-अवरच्या आसपास खर्च होतो, जाऊन-येऊन ३० किलोमीटरला २७० धरा. चढाचं भय बाळगू नका. मी, सायकल आणि सॅक मिळून ९४ किलो, १०० मीटर उंची चढायला फक्त २६ वॅट-अवर लागतात, मोटरमधली घट धरली तर ३३. तुमचे जाऊन-येऊन ३६ होतात, हीच बॅटरी पुरेल, आणि ऑफिसात चार्ज करता येत असेल तर २० सेलचीही चालेल. सायकल आधी १०.६ किलो होती, आता १५.५. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, रोज खांद्यावरून वर नेतो. बाजारातल्या बऱ्याच स्वस्त ई-सायकली २० किलोच्या पुढे आहेत, त्या एकदा जिन्याने नेऊन बघा आणि मग नवीन घ्यायची की नाही ते ठरवा. मला दुसऱ्यांदा सगळं मिळून ३४ हजार लागले, त्यातली १५ एकट्या बॅटरीची. बॅटरीत पैसे वाचवू नका. जुन्या लॅपटॉपचे सेल जोडून स्वस्तात पॅक देणारे असतात, तो घरात चार्जिंगला लावायचा म्हणजे घरच्यांच्या जिवाशी खेळ आहे. चार्जर ४२ व्होल्टचा, रात्रभर लावून झोपू नका, आणि दाराजवळ तर कधीच चार्ज करू नका, काही पेटलं तर बाहेर जायला वाट तीच.

मिड ड्राइव्हबद्दलही (पायडलच्या एक्सलपाशी बसणारी मोटर) तुम्ही विचारलंय. गुडघ्याचं दुखणं असलेल्याला चढावर ती हबपेक्षा छान वाटते हे खरं, गिअरचा फायदा तिला मिळतो. बाफांग कंपनीची बीबीएस०१ घेतलीत तर ६८ ते ७३ मिलिमीटरचा आट्यांचा बीबी (बॉटम ब्रॅकेट, चौकटीत पायडलचा एक्सल बसतो ती जागा) लागतो, प्रेसफिट म्हणजे बिनआट्यांचा असेल तर ती सरळ बसत नाही. पुढे एकच चेनरिंग राहते आणि साखळी भराभर झिजते. वजन चारेक किलो.

आणि हे मी आधीच लिहायला हवं होतं: तुमची चौकट किंवा चिमटा कार्बनचा असेल तर हब मोटरचा विषय सोडून द्या, पुढेही नको, मागेही नको. डिस्क ब्रेकवाली आणि १४२ मिलिमीटरची थ्रू-एक्सल (चौकटीतून आरपार जाणारा एक्सल) असेल तरी ही नेहमीची हब बसणार नाही. रिम ब्रेक असतील तर पॅड नवे आणि चांगले टाका, पाच किलो वाढल्यावर पावसात थांबायला जास्त अंतर लागतं. रोडबाइकच्या ब्रेक-गिअरच्या लिव्हरमध्ये मोटर बंद करणारा स्विच नसतो, ब्रेकच्या केबलवर बसणारा वेगळा सेन्सर मिळतो, तो लावून घ्या. कायद्याचं म्हणाल तर मोटर २५० वॅटच्या आत, ताशी २५ ला मदत बंद, पायडल थांबलं की मोटर थांबली, बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत, आणि हे सगळं मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तपासून दिलेलं असेल, मग ते मोटार वाहन धरत नाहीत, लायसन्स नको, नोंदणी नको. सॉफ्टवेअरमधून वेग वाढवून देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा.

दादा अजून म्हणतो की नट सैल होता. नट सैल असता तर वॉशरखाली सगळीकडे गोल घासल्याच्या खुणा आल्या असत्या. माझ्या वॉशरवर दोनच ठसे आहेत, अर्धचंद्रासारखे, कडेला, खोल, जिथे तो त्या उंच कडेवर दाबून बसला होता, आणि मध्ये मूळचं पॉलिश जसंच्या तसं आहे. म्हणजे नट घट्ट होता, जितका आवळता येईल तितका घट्ट होता, आणि तरी एक्सल फिरला. तो वॉशर मी टूलबॉक्सच्या वरच्या खणात ठेवलाय.

तुम्ही आधी मागचं चाक काढा, चौकटीच्या आतल्या बाजूचं अंतर मोजा, आणि मोटर हातात आल्यावर एक्सलचा सपाट भाग व्हर्निअरने मोजा, काही ९.८ सुद्धा निघतात. ते दोन आकडे सांगा, प्लेटचं ड्रॉइंग मी काढून देतो, कुठलाही वायरकटवाला कापून देईल.