डॉक्टरकी सोडून दिल्लीला निघालेत...

‘एवढं शिकून राजकारणात जायचं म्हणजे सगळं पाण्यातच घालायचं ना?’ हा प्रश्न मला डॉक्टर कमी आणि त्यांच्या घरचे जास्त विचारतात. निवडणुका जवळ आल्या की माझ्याकडे समुपदेशनासाठी अशी एखादी केस येतेच. त्यातल्या एका घराबद्दल लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

नवरा सर्जन, बायको भूलतज्ज्ञ. जिल्ह्याच्या गावी वीस खाटांचं स्वतःचं हॉस्पिटल. डॉक्टरांना लोकसभेच्या पोटनिवडणुकीचं तिकीट मिळायची चिन्हं दिसत होती. त्यांचे वडील आप्पा, झेडपीचे निवृत्त शिक्षक. शेत गहाण टाकून त्यांनी मुलाला एमएस केलं होतं. तिकिटाची बातमी कळल्यापासून त्यांनी मुलाशी बोलणंच टाकलं होतं.

तिघं समोर बसले आणि डॉक्टरांनी यादीच वाचली. २०१९ ला महाराष्ट्रातून लोकसभेत गेलेले सुभाष भामरे, भारती पवार, हिना गावित, प्रीतम मुंडे, श्रीकांत शिंदे, अमोल कोल्हे, सुजय विखे. ‘सगळे डॉक्टरच ना, ताई?’

यादी खरी होती. म्हटलं, आता २०२४ ची वाचू. यातले भामरे, पवार, गावित आणि विखे चौघंही पडले. भामरे कॅन्सर सर्जन, संरक्षण राज्यमंत्री राहिलेले. भारती पवार तर तेव्हा केंद्रात आरोग्य राज्यमंत्री होत्या. दिंडोरीत त्यांना भास्कर भगरे या शिक्षकांनी हरवलं. इथे आप्पा त्या दिवसात पहिल्यांदा हसले. त्याच वर्षी लातूरला शिवाजी काळगे हे डोळ्यांचे डॉक्टर आणि पालघरला हेमंत सवरा हे हाडांचे डॉक्टर निवडूनही आले. म्हणजे नुसत्या पदवीवरून कुठलाच अंदाज बांधता येत नव्हता.

डॉक्टरांचा खरा भरवसा पेशंटवर होता. ‘अर्ध्या तालुक्याच्या पोटावर माझे टाके आहेत,’ ते म्हणाले. वाक्य झकास, पण आपल्याकडे एका लोकसभेत सहा विधानसभा येतात. बाकीच्या पाच ठिकाणी त्यांना ओळखणार कोण? शिवाय टाके घातले म्हणून मत मिळतंच असं नाही. पेशंट पाया पडतो तो दुखणं थांबलं म्हणून. मत देताना तो पिकाचा भाव बघतो, जात बघतो, पक्ष बघतो.

मग मी विचारलं, पक्षात कुणी तीन तास बाहेर बसवून ठेवलं तर चालेल? ऑपरेशन थिएटरात तुमचा शब्द शेवटचा असतो. डॉक्टर जरा थांबले. म्हणाले, ‘पेशंटला मी बसवतोच की तीन-तीन तास.’ त्यांच्या तोंडून आलेलं हे पहिलं मोकळं वाक्य.

मॅडम, म्हणजे डॉक्टरांची बायको, तोवर गप्प होत्या. माझा अनुभव असा, की गप्प बसलेल्या माणसाकडेच खरी अडचण असते. त्यांनी पर्समधून कागद काढला, उमेदवारी अर्जासोबतच्या शपथपत्राचा, फॉर्म २६ चा नमुना. त्यात जोडीदाराचीही मिळकत, कर्ज, दागिने वजनासकट लिहावे लागतात आणि ते सगळं लोकांना बघायला खुलं होतं. ‘उभं राहणार हे, आणि माझ्या पाटल्या किती तोळ्यांच्या ते गावाला कळणार. मला विचारलं तरी का कुणी?’ हॉस्पिटलचं कर्जही दोघांच्या नावावर होतं.

दुसरी गोष्ट त्याहून नाजूक होती. कार्यकर्त्यांनी रिसेप्शनवरून पेशंटचे फोन नंबर मागितले होते, प्रचाराचे मेसेज पाठवायला. मॅडमनी रजिस्टर कपाटात टाकून किल्ली स्वतःकडे ठेवली. डॉक्टरांना हे माहीतच नव्हतं. ‘त्यात गर्भपाताच्या पेशंट आहेत, टीबीच्या आहेत,’ मॅडम म्हणाल्या. डॉक्टरांचा चेहरा पडला. माझ्या मते या केसची गाठ इथे सुटली, कारण आपण डॉक्टर म्हणून काय सोडणार नाही हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा ठरवावं लागलं.

‘पाण्यात घालायचं का’ याचं उत्तरही तिथूनच निघालं. दिल्लीचे हर्षवर्धन कान-नाक-घशाचे डॉक्टर. १९९३ पासून निवडणुकांच्या राजकारणात होते, केंद्रात आरोग्यमंत्री झाले. २०२४ ला तिकीट गेलं तेव्हा कृष्णा नगरच्या आपल्या क्लिनिकमध्ये परत जातोय, असं त्यांनी जाहीर केलं. ओपीडीत असं परतता येतं. दुर्बिणीतून पित्ताशय काढणाऱ्याचा हात पाच वर्षं थांबला तर? डॉक्टर म्हणून असलेली नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करता येते, त्यासाठी लागणारे प्रशिक्षणाचे गुण, म्हणजे क्रेडिट पॉइंटही जमवता येतात. हाताचं तसं नाही. आप्पांची भीती हीच होती, फक्त ते तिला शेताच्या भाषेत सांगत होते.

शेवटी एका पानावर लिहिलं. हॉस्पिटलची इमारत तारण टाकून प्रचाराला पैसा उभा करायचा नाही. निवडणूक हरो वा जिंको, आठवड्यात एक दिवस ऑपरेशनचा. रजिस्टरची किल्ली मॅडमकडेच. एक ज्युनिअर सर्जन नेमायचा. खर्चाचा आकडा मात्र त्या दिवशी ठरला नाही; कायद्याची मर्यादा ९५ लाखांची, म्हटल्यावर तिघंही एकमेकांकडे बघत राहिले.

पुढे जागावाटपात ती जागा मित्रपक्षाला सुटली. डॉक्टर काही दिवस चिडचिड करत होते, मग पक्षाच्या वैद्यकीय आघाडीचं काम घेतलं. ज्युनिअर सर्जनला त्यांनी काढलं नाही. पुढच्या खेपेला लागेल, म्हणाले.