मॅनिकिन आलाय, आता ट्यूटरना कसलं ट्रेनिंग द्यायचं?

नर्सिंग कॉलेजला नवा मॅनिकिन (सरावासाठीचा माणसाएवढा पुतळा) आला, कंपनीच्या माणसाने दोन तास डेमो दिला आणि पुढच्या सत्रापासून सगळ्या ट्यूटरनी सिम्युलेशनवर, म्हणजे खऱ्यासारखा प्रसंग उभा करून, शिकवायचं असं प्राचार्यांनी सांगितलं. तर कोणतं ट्रेनिंग घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. २०२१ च्या बीएस्सी नर्सिंग अभ्यासक्रमात सिम्युलेशन आल्यापासून ही धावपळ बऱ्याच ठिकाणी चाललीय. मॅनिकिन चालवायला एका दुपारीत येतं. ट्रेनिंगचा वेळ घाला तो डीब्रीफिंगवर, म्हणजे प्रसंग संपल्यावर मुलींशी होणाऱ्या चर्चेवर.

पीपीएचचंच, म्हणजे बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावाचंच घ्या. सरावात विद्यार्थिनीने ऑक्सिटोसिनचं (गर्भाशय आकुंचित करणारं) इंजेक्शन दिलं आणि लगेच बीपी घ्यायला वळली, गर्भाशयाला मसाज केलाच नाही. आपल्याकडच्या मॅडम लगेच म्हणणार, "मसाज कोण करणार? लेक्चरला झोपली होतीस का?" संपलं, मुलगी पुढे तोंड उघडत नाही. त्याऐवजी असं विचारा: "इंजेक्शननंतर तू पोटाला हात लावला नाहीस. मला काळजी वाटली, कारण गर्भाशय सैल राहिलं तर रक्त जातच राहतं. तेव्हा तुझ्या डोक्यात काय चाललं होतं?" यावर "वॉर्डात सिस्टर आम्हाला हात लावू देत नाहीत, मला वाटलं ते त्यांचंच काम" असं उत्तर येऊ शकतं. म्हणजे तिला मसाज माहीत होता, गाठ दुसरीकडेच होती. दिसलं ते सांगायचं, आपल्याला काय वाटलं ते सांगायचं, मग खरंच विचारायचं. बॉस्टनच्या सेंटर फॉर मेडिकल सिम्युलेशनमधल्या मंडळींनी ही पद्धत रुजवली.

वाचायला सोपी, पण वर्षानुवर्षं ओरडून शिकवलेल्या तोंडाला ती सहज येत नाही. म्हणून ट्यूटरनी आधी आपसात सराव करावा: एक विद्यार्थिनी होते, एक डीब्रीफ घेते, तिसरी कागदावर फक्त कोण किती बोललं ते टिपते. तो कागद बघून भल्याभल्या सीनिअर मॅडम गार होतात! डीब्रीफला सिनारिओच्या (सरावाच्या प्रसंगाच्या) निदान दुप्पट वेळ ठेवा. आणि सुरुवातीलाच मुलींना सांगा की याला मार्क नाहीत.

बाहेरचा कोर्स हवा असेल तर गुरुग्रामला एसजीटी विद्यापीठातलं नर्सिंग कौन्सिलचं राष्ट्रीय संदर्भ सिम्युलेशन केंद्र बघा. पाठवाल तर दोघींना पाठवा. एकटी शिकून आली की परत आल्यावर तिचं डीब्रीफिंग बघून सांगणारं कोणी नसतं.

आणि प्रसूतीसाठी महागड्या मॅनिकिनपेक्षा पोटाला बांधायचं मामानॅटली हे प्रसूतीचं मॉडेल मला जास्त आवडतं. ट्यूटर स्वतःच बाळंत होणारी बाई होऊन कण्हते, रक्तही तीच सोडते, आणि मुली पेशंटशी बोलायला लागतात.