पुन्हा जलरंग

प्रश्न : शाळेत इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा दिली होती. निवृत्तीनंतर आता जलरंग पुन्हा हाती घेतले. पण रंग मळकट होतात, कागद फुगतो आणि जुलैपासून वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या थरात, गडद ठिपके उठतात. वयामुळे हातच बसत नाही का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : हाताला दोष देऊ नका.

आधी पावसाचं बघू. जलरंगाच्या कागदाला खळ दिलेली असते, म्हणून रंग वर ठरतो. दमट हवेत बुरशी ही खळ खाते आणि तेवढ्या जागी रंग टिपकागदासारखा आत शोषला जातो. तुमचे ठिपके बहुधा तेच. असा कागद सुधारत नाही, सरावाला वापरा. नवे कागद मे महिन्यातच सिलिका जेलच्या पुड्यांसह प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून कपाटात आडवे ठेवा. पावसाची ओल येणाऱ्या भिंतीजवळ मुळीच नकोत.

फुगण्याचं कारण पातळ कागद. ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड), कोल्ड प्रेस (किंचित खरखरीत पृष्ठभागाचा), शंभर टक्के कॉटन घ्या. महाग पडतो खरा, पण २२ × ३० इंचाच्या एका शीटचे आठ तुकडे होतात. चारही कडा टेपने बोर्डला पक्क्या चिकटवा.

मळकटपणामागे बहुतेक वेळा पोस्टर कलरची जुनी सवय असते. तिथे चूक वरच्या थराने झाकता येते. जलरंग पारदर्शक, खालचं सगळं दिसतं, आणि पांढरा म्हणजे कोरा राखलेला कागद. एका मिश्रणात तीनपेक्षा जास्त रंग नकोत. पाण्याची भांडी दोन ठेवा, एक ब्रश धुवायला, दुसरं स्वच्छ पाण्याचं. सगळ्यात महत्त्वाचं, अर्धवट ओल्या वॉशमध्ये पुन्हा ब्रश घालू नका. पावसाळ्यात वॉश वरून वाळलेला दिसतो, आत ओलाच असतो. कडेला हाताची मागची बाजू लावून पाहा. गार लागला तर थांबा. घाई असेल तर हेअर ड्रायर फूटभर लांबून फिरवा.

पहिला महिना एकच रंग, बर्न्ट अंबर म्हणजे गडद तपकिरी. खिडकीपाशी स्टीलचा तांब्या ठेवा आणि उजळ ते गडद अशा पाच छटांत रोज रंगवा. सगळ्यात उजळ चमक कोरी सोडायची. छटा जमल्या की रंग आपोआप सोपे जातात.

जहांगीर आर्ट गॅलरीत जलरंगांचं प्रदर्शन लागलं की जरूर जा. चित्राच्या अगदी जवळ उभं राहून कलाकाराने कागद कुठे कोरा राखलाय ते शोधा.