२ लाख ४० हजार किलोमीटर झालेल्या पेट्रोल एसयूव्हीचं ॲव्हरेज १० वरून ८ वर आलंय. इंजिनचं काम काढावं का?

तुमच्या प्रश्नातली माहिती एवढी: गाडी पेट्रोल, ऑटोमॅटिक, फोर बाय फोर. पूर्वी लिटरला १० द्यायची, दीड वर्षात ८ वर आली. मधे २३५/७०/१६ चे टायर काढून २६५/७०/१६ चे बसवले. चेक इंजिनचा दिवा लागत नाही आणि गॅरेजवाला इंजिन उघडायला सांगतोय.

एवढ्यात इंजिनला हात लावू देऊ नका. रिंगा-पिस्टन झिजून ॲव्हरेज पडतं तेव्हा सोबत दुसऱ्या तक्रारी येतात: तेल कमी होतं, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, चढाला गाडी दमते. तुम्ही यातलं काहीच लिहिलेलं नाही. या वयाच्या गाडीत बहुतेक वेळा गाडी कुठेतरी अडून चालत असते, नाहीतर इंजिन गरजेपेक्षा जास्त पेट्रोल घेत असतं. दोन्ही गोष्टी इंजिन न उघडता सापडतात. आणि जड गाडीत हे शोधण्याचे कष्ट वसूल होतात. ८ चे १० झाले तर १०० किलोमीटरला १२.५ ऐवजी १० लिटर लागतात, म्हणजे अडीच लिटर वाचले. छोट्या गाडीचं १६ चं २० झालं तरी वाचतं सव्वा लिटरच.

आधी तो ८ चा आकडा तपासा. जुन्या टायरचा व्यास साधारण ७३५ मिलिमीटर, नव्याचा ७७७. फरक ५.७ टक्के. ओडोमीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी जवळपास १०६ चाललेली असते, म्हणून तुमचं ८ हे खरं तर साडेआठच्या आसपास आहे. गेलेल्या दोन किलोमीटरमधला जवळजवळ अर्धा किलोमीटर गेलेलाच नाही. मोबाइलच्या जीपीएसवर ५० किलोमीटर मोजून ओडोमीटरशी ताडून बघा आणि तो गुणक कायम वापरा. टाकी एकाच पंपावर, एकाच नोझलवर, पहिल्या क्लिकपर्यंत भरा आणि सलग तीन टाक्यांची बेरीज करून भागाकार करा. एका टाकीवरून काढलेल्या ॲव्हरेजवर विश्वास ठेवू नका, भरण्यातच लिटरभराचा फरक सहज पडतो. अर्थात रुंद टायर वजनानं जड असतो आणि त्याचा रस्त्याशी होणारा विरोधही जास्त, तेव्हा थोडी घट खरीच आहे. ती मूळ मापावर परत गेल्याशिवाय भरून निघणार नाही.

हवा टायर थंड असताना तपासा. दाराच्या खांबावरच्या स्टिकरचा आकडा धरा. टायरच्या अंगावर लिहिलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, भरायचा नसतो. तापमान १० अंशांनी उतरलं की साधारण दीड पीएसआय कमी होते. पण हवेकडून फार अपेक्षा ठेवू नका: चारही टायरमध्ये १० पीएसआय कमी असली तरी ॲव्हरेजवर परिणाम सुमारे २ टक्के. २० टक्क्यांची घट हवेनं होत नाही.

माझा पहिला संशय ब्रेकवर. मोकळ्या रस्त्यावर १५-२० किलोमीटर चालवा, शेवटी गाडी हळूहळू लोळू देऊन थांबवा आणि चारही रिमजवळ हात नेऊन बघा. डिस्कला हात लावू नका, भाजेल. एक रिम बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागला तर तो ब्रेक धरतोय. मग सपाट जागी, जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावून, ते चाक जॅकवर उचला आणि खाली स्टँड द्या. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. हातानं फिरवताना पॅडची हलकी घासण चालेल, पण ढकलल्यावर चाक जागीच थांबता कामा नये. मागचं चाक फिरवताना गिअरबॉक्सकडून येणारा प्रोपेलर शाफ्टही फिरतो, म्हणून ते पुढच्यापेक्षा जड लागणारच. डावं-उजवं एकमेकांशी ताडा.

चाक अडकत असेल तर कॅलिपरची (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाची) ब्लीड निपल, म्हणजे ब्रेक ऑइल बाहेर सोडायची छोटी तोटी, पाव फेरा सैल करा. चाक लगेच मोकळं झालं तर दाब आत अडकून राहतोय. जुना रबरी होज आतून फुगला की ब्रेक ऑइल जातं, पण परत येत नाही. होज बदला आणि ब्रेकच्या लाइनमधली हवा काढा. निपल सोडूनही चाक मोकळं होत नसेल तर पिस्टन नाहीतर कॅलिपरच्या पिना जाम आहेत. पिना बाहेर काढल्या की गोष्ट डोळ्यांना दिसते: तांबूस गंज, घट्ट झालेलं काळं ग्रीस, फाटलेला रबरी बूट. बारीक पॉलिश पेपरनं साफ करून पीन बोटांनी सहज आत-बाहेर सरकली पाहिजे. पृष्ठभागावर खड्डे पडले असतील तर नवीनच घ्या. ग्रीस फक्त सिलिकॉनचं, ब्रेकसाठी असलेलं, आणि पातळ थर. चेसिसला लावतात ते साधं ग्रीस बुटाचं रबर फुगवतं आणि काही महिन्यांत पीन पुन्हा जाम होते. दोन पिनांपैकी एकीच्या टोकाला रबरी नळी असेल तर काढताना जागा लक्षात ठेवा, अदलाबदल झाली तरी पीन अडकते. मागे ड्रम असतील तर हँडब्रेकची केबल पूर्ण परत येते का, तेही बघा.

दुसरा संशय थर्मोस्टॅटवर, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेवर. तो उघडाच अडकला की कूलंट सतत रेडिएटरमधून फिरत राहतं आणि इंजिन कधी नीट तापत नाही. ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) वाटतं गाडी अजून थंड आहे, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडतो. वर ऑटोमॅटिकचं लॉक-अपही (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच) उशिरा लागू शकतं, म्हणजे दुहेरी तोटा. डॅशबोर्डच्या काट्यावर जाऊ नका. बऱ्याच गाड्यांत तो बऱ्याच फरकातही मधेच उभा राहतो. ओबीडी स्कॅनर, म्हणजे ईसीयूमधले आकडे वाचणारं यंत्र, लावा. सकाळी सुरू करण्याआधी कूलंट आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसलं पाहिजे. नसेल तर सेन्सरच खोटं सांगतोय. मग चालवा. बहुतेक इंजिनांत १०-१५ मिनिटांत तापमान ८५ ते ९५ अंशांवर जाऊन तिथेच टिकतं. वेगात चालताना ७० कडे उतरतं आणि ट्रॅफिकमध्ये पुन्हा चढतं, असं दिसलं तर थर्मोस्टॅट बदला. दिवा लागलेला नसला तरी बदला.

स्कॅनर लावलेलाच आहे तर लाँग टर्म फ्युएल ट्रिम वाचा. ईसीयूला ठरल्यापेक्षा किती पेट्रोल वाढवावं किंवा कमी करावं लागतंय, ते यात दिसतं. शून्याच्या दोन्ही बाजूंना ५ टक्क्यांपर्यंत काही चिंता नाही. १० च्या पुढे कारण शोधायचं. आयडलला अधिक १५ आणि २५०० आरपीएमला जवळजवळ शून्य, असा आकडा आला तर कुठूनतरी चोरटी हवा आत जातेय. व्हॅक्यूमचे जुने पाइप, इनटेकचं गॅस्केट आणि पीसीव्हीची (इंजिनच्या आतली वाफ इनटेककडे नेणारी) नळी तपासा. आरपीएम वाढेल तसा ट्रिमचा अधिक आकडाही वाढत असेल तर एअर फ्लो सेन्सर मळलाय किंवा पेट्रोलचा दाब कमी पडतोय. सेन्सरवर फक्त त्यासाठीचा स्प्रे मारा, तारेला बोट किंवा कापड लावू नका, आणि पूर्ण सुकल्यावरच बसवा. ट्रिम वजा १० च्या खाली असेल तर इंजेक्टर गळणं किंवा पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारी झडप) उघडा अडकणं यांकडे बघा. पेट्रोल भरल्या भरल्या गाडी सुरू व्हायला कुरकुर करत असेल तर पर्ज व्हॉल्व्हच धरा.

इथे एक फसवणूक लक्षात ठेवा. एखादा प्लग अधूनमधून चुकला किंवा एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड (इंजिनला जोडलेला धुराचा पहिला पाइप) ऑक्सिजन सेन्सरच्या आधी तडकला असेल, तर पुढच्या ऑक्सिजन सेन्सरला न जळलेला किंवा बाहेरून ओढलेला ऑक्सिजन दिसतो. त्याला वाटतं पेट्रोल कमी पडतंय आणि ईसीयू विनाकारण वाढवतो. सकाळी सुरू केल्यावर टिक-टिक आवाज येऊन गाडी तापली की थांबत असेल, तर मॅनिफोल्ड बघितल्याशिवाय सेन्सरवर पैसे घालू नका. सगळं ठीक असून मूळचाच सेन्सर अजून बसलेला असेल, तर मात्र या किलोमीटरला तो बदलणं योग्य आहे.

ऑटोमॅटिकसाठी एक सोपी परीक्षा. रस्ता मोकळा आणि मागे कोणी नसताना ८० च्या स्थिर वेगात अ‍ॅक्सिलरेटर तसाच धरून ब्रेकच्या पेडलला डाव्या पायानं हलका स्पर्श करा. लॉक-अप लागलेलं असेल तर ते सुटून आरपीएम २००-३०० नं वर जातो. काहीच हललं नाही तर लॉक-अप लागतच नाहीये. ब्रेकचा स्विच सतत चालू राहिला तरी असं होतं, म्हणून आधी मागचे ब्रेकचे दिवे बघा आणि मग गिअरबॉक्सकडे वळा. फोर बाय फोर टू-व्हीलवर खरंच सुटतं का, तेही तपासा. पुढच्या चाकांना शाफ्टशी जोडणारे हब अडकले तर पुढचा डिफरन्शिअल आणि शाफ्ट विनाकारण फिरत राहतात.

कॅरिअर वापरात नसेल तेव्हा उतरवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणून १०० ऐवजी ८० नं चालवलं तर या उंच गाडीत फरक लगेच जाणवतो. एअर फिल्टर मळला असेल तर बदला, पण इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत त्यानं पिकअप सुधारतो, ॲव्हरेज फारसं नाही. पाइपला लावायचे चुंबक, ओबीडीत खोचायच्या पेट्रोल वाचवणाऱ्या डब्या आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेलं नसताना भरलेलं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल, यांवर एक पैसाही घालवू नका.

एवढं करून तीन टाक्या मोजा. तरीही ८ च राहिलं तर कॉम्प्रेशन टेस्ट मागा: इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, पेट्रोल आणि स्पार्क बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त खाली असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. सगळेच सिलिंडर सारखे कमी आले तर रिंगांच्या आधी टायमिंग चेन किंवा बेल्ट एखादा दात सरकलाय का, ते बघायला सांगा.