फ्रीबीएसडीची माहिती शोधताना : नवख्यांसाठी सल्ला

आपण नुकतीच फ्रीबीएसडी ही कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) बसवली आहे, तेव्हा आधी हे ध्यानात घ्यावे की आपल्याला लागणारी बरीचशी माहिती आपल्याच संगणकावर आहे. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहिण्याच्या खिडकीत, 'मॅन' (man) लिहून पुढे कमांडचे नाव दिले की तिचे मॅन्युअल पान उघडते. त्यात शब्द शोधण्यासाठी तिरकी रेघ (/) आणि बाहेर पडण्यासाठी 'क्यू' (q) दाबावे. (हे ठाऊक नसल्याने पहिल्या दिवशी मी चक्क खिडकीच बंद केली होती.) कमांडचे नावच माहीत नसेल, तर 'अप्रोपोस' (apropos) लिहून विषयाचा शब्द द्यावा.

नवख्यांच्या हमखास चुका दोन.

१. मॅन्युअलच्या विभागाचा क्रमांक न पाहणे. उदाहरणार्थ, ठरलेल्या वेळी कामे चालवण्यासाठी 'क्रॉनटॅब' (crontab) असते. 'मॅन क्रॉनटॅब' लिहिल्यास कमांडची माहिती मिळते. वेळापत्रकाच्या ओळी कशा लिहायच्या, हे मात्र 'मॅन ५ क्रॉनटॅब' मध्ये असते. विभाग १ कमांडचा, ५ फाइलींच्या रचनेचा, ८ प्रशासनाचा. तूर्त एवढे पुरे.

२. लिनक्ससाठीच्या सूचना जशाच्या तशा वापरणे. ही चूक अधिक महागात पडते, कारण दोन्हींतील पुष्कळ कमांड सारख्या दिसत असल्या तरी लिनक्सवर सेवा (पार्श्वभूमीत चालणारे प्रोग्राम) सुरू-बंद करणारी 'सिस्टिमसीटीएल' (systemctl) ही कमांड येथे नाहीच. सेवा सुरू ठेवण्याची नोंद सहसा 'आरसी.कॉन्फ' (rc.conf) या फाइलीत होते.

सलग वाचायचे असल्यास प्रकल्पाचे अधिकृत हँडबुक घ्यावे, परंतु आधी 'फ्रीबीएसडी-व्हर्जन' (freebsd-version) ही कमांड चालवून आपली आवृत्ती पाहून ठेवावी. कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, अंतर्गत रचनेची पाने सध्या उघडूही नयेत.