रोज दिसणाऱ्यांची वही

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. दोन प्रश्न विचारले आहेस. जैवविविधतेच्या कामात पडायचं तर कुठल्या प्राण्यापासून सुरुवात करावी, हा पहिला. आणि घरचे म्हणतात, "एखादा किडा नाहीसा झाला तर असं काय बिघडतं?", त्यांना काय सांगावं, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर आधी देते, पहिल्याचं त्यातूनच निघेल.

भाताची गोष्ट ऐक. १९७० च्या सुमारास आशियातल्या भातशेतीत ग्रासी स्टंट नावाचा विषाणू पसरत होता. तपकिरी तुडतुडे तो एका रोपावरून दुसऱ्या रोपावर नेतात. रोग लागला की रोप खुरटतं, गवताच्या झुपक्यासारखं होतं आणि दाणा धरत नाही. फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आपल्या संग्रहातले सहा हजारांहून जास्त नमुने तपासले. या रोगाला दाद न देणारा निघाला फक्त एक, ओरायझा निवारा या रानटी भाताचा, उत्तर प्रदेशातून गोळा केलेला. नीवार हा आपल्याकडचा जुना शब्द, न पेरता उगवणाऱ्या धान्याचा. दाणा पिकताच गळून पडतो, त्यामुळे कापणीच्या उपयोगाचा नाही. शेतात आला तर तण म्हणून उपटलाच जाणार. त्या संस्थेतले भात-शास्त्रज्ञ गुरदेव खुश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा गुण लागवडीच्या भातात उतरवला. त्यातून पुढे आलेला आयआर-३६ हा वाण १९७६ साली निघाला आणि काही वर्षांत जगभर एक कोटीहून अधिक हेक्टरवर पोचला.

या गोष्टीत मला सगळ्यात मोठं वाटतं ते ज्याने ते बी वेचून पाकिटात घातलं त्याचं काम. ते पुढे कशासाठी लागेल हे त्याला कळणं शक्यच नव्हतं. दिसलं, वेगळं वाटलं, म्हणून कुठे मिळालं ते लिहून ठेवलं, एवढंच.

घरच्यांना ही गोष्ट जरूर सांग, पण "प्रत्येक किड्यातून एक दिवस औषध निघणार आहे" असं मात्र कधी बोलू नकोस. ते खरं नाही. बहुतेक जातींचा माणसाला थेट उपयोग कधीच होणार नाही. अडचण अशी की कुठल्या जातीचा होईल आणि कुठलीचा नाही हे आधी सांगण्याचं कुठलंही साधन आपल्याकडे नाही. आजवर नाव मिळालेल्या जाती सुमारे वीस लाख. नाव न मिळालेल्या याच्या कितीतरी पट. ज्यांची ओळखसुद्धा झालेली नाही त्यांच्यातून नको त्या कशा निवडणार? आणि माझ्यापुरतं विचारशील, तर इतकी युगं इथे नांदलेल्या जिवाला आपल्या उपयोगाचा दाखला मागणंच मला अन्यायाचं वाटतं.

किड्याचंच म्हणशील तर उंबराचं एक अर्धंपिकलं फळ उभं काप आणि भिंगाखाली धर. उंबराचं फूल दिसत नाही म्हणतात, कारण ती फुलं फळाच्या आत दाटीवाटीने बसलेली असतात. त्यांच्यामध्ये डासाहून लहान गांधीलमाश्या वळवळताना दिसतील. मादी टोकाच्या बारीक छिद्रातून आत शिरते. वाट इतकी अरुंद की शिरताना तिचे पंख तुटून पडतात. आत ती परागकण पोचवते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. तिच्या पिल्लांतल्या नरांना बहुधा पंखच नसतात. ते माद्यांसाठी भुयार पोखरतात, आणि माद्या अंगावर पराग घेऊन दुसऱ्या झाडाच्या शोधात उडून जातात. वड, पिंपळ, उंबर धरून या वंशात साडेसातशेच्या आसपास जाती आहेत आणि परागीभवनासाठी त्या सगळ्यांचा भरवसा अशाच माश्यांवर आहे. माशी गेली तर झाड उभं राहील, हिरवंही दिसेल, पण बी धरणार नाही. इतर फळं संपतात त्या दिवसांत या झाडांवर जगणारी वटवाघळं, धनेश, माकडं उपाशी राहतील, आणि नेमकं काय बिघडलं ते कितीतरी वर्षं कुणाला उमगणारही नाही.

आता तुझा पहिला प्रश्न. वाघ, हत्ती यांच्यापासून सुरुवात करू नकोस. त्यांच्यासाठी माणसं आहेत, पैसाही आहे. तू रोज दिसणाऱ्यांपासून सुरुवात कर.

गिधाडं आपल्याकडे एके काळी इतकी होती की ती मोजावीत असं फारसं कुणाच्या मनात येत नसे. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात पक्षी-अभ्यासक विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकात ती मोजली होती. नव्वदच्या दशकात ते पुन्हा तिथे गेले तेव्हा संख्या निम्म्याच्या खाली आली होती आणि झाडांवर माना टाकून बसलेले आजारी पक्षी दिसत होते. जुना आकडा हाताशी होता म्हणून ही घसरण ठामपणे सांगता आली. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त घटली. कारण सापडलं ते गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकात. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या या औषधावर बंदी आली. पण गेलेली गिधाडं लवकर परत येत नाहीत, जोडी वर्षाला एकच अंडं घालते.

माझी एक चूकही तुला सांगायलाच हवी. एका पाणथळीवर मी सहा वर्षं जात होते. दुर्मीळ पाहुणा दिसला की पानभर लिहायचे. नेहमीच्या बगळ्या-टिटव्यांपुढे नुसती खूण करायचे, आकडा नाही. पुढे तिथे भराव पडायची वेळ आली. "पक्षी खरंच कमी झालेत का?" असं बैठकीत मला विचारलं गेलं, आणि माझ्याकडे दाखवायला फक्त खुणा होत्या. भराव पडला. आकडे असते तर तो थांबलाच असता असं नाही, पण त्या जागेच्या बाजूने बोलायला माझ्या हातात काहीतरी असतं. ही हळहळ अजून जात नाही.

म्हणून एक जागा धर. लहान असली तरी चालेल, पायी जाता येईल अशी हवी. ओढ्याचा काठ, पडीक तुकडा, जुनी भिंतसुद्धा. आठवड्यातून एकदा, ठरल्या वेळी, ठरल्या वाटेने जा. तारीख, वेळ, हवा आणि प्रत्येक जातीपुढे आकडा लिही. काहीच दिसलं नाही त्या दिवशी शून्य लिही, पान कोरं सोडू नकोस, नाहीतर तू गेलाच नव्हतास की तिथे काहीच नव्हतं हे पुढे वाचणाऱ्याला कळणार नाही. ओळख पटली नाही तर अंदाजाने नाव ठोकून देऊ नकोस. चित्र काढ, फोटो घे, पुढे प्रश्नचिन्ह टाक. आणि जागेचा एकही ऋतू चुकवू नकोस, विशेषतः काहीच घडत नाहीसं वाटतं तो.

मोठी ध्येयं डोळ्यांपुढे असू देत. २०२२ च्या डिसेंबरात कॅनडातल्या मॉन्ट्रियलला जैवविविधतेच्या परिषदेत देशांनी ठरवलं आहे की २०३० पर्यंत जमीन आणि समुद्राचा ३० टक्के भाग राखायचा. मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण तो भाग नेमका कुठला, हे ठरवताना तुझ्यासारख्यांच्या वह्या लागतील.

भिंग सोबत पाठवते आहे, दहापट मोठं दाखवणारं. डोळ्याला अगदी टेकवून धर आणि वस्तू जवळ आण, उलट करू नकोस. पहिल्या चार आठवड्यांची पानं झाली की मला पाठव, प्रश्नचिन्हांसकट.

तुझी,
ताई