वाचक विचारतात : किलिमांजारोला पाच दिवस की आठ?

प्रश्न : मी ५२ वर्षांची, साताऱ्यात बँकेत नोकरी करते. अजिंक्यतारा आठवड्यातून दोनदा असतोच, राजगड-तोरणा दोन वेळा झाला आहे. पुढच्या वर्षी आम्ही दोघं टांझानियातल्या किलिमांजारोला जायचं म्हणतोय. दोन कोटेशन आली आहेत. एक मारांगू मार्गाने पाच दिवसांचं आणि दुसरं लेमोशो मार्गाने आठ दिवसांचं. आठ दिवसांचंही माणशी फक्त १,४०० डॉलर. ह्यांचं म्हणणं, आपल्याला चालायची सवय आहे, मग आठ दिवस डोंगरात काय करायचंय? पाचवालंच घेऊ. तुमचं मत?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ह्यांना माझा नमस्कार सांगा, आणि हेही सांगा की अगदी असाच विचार करून मी २०१३ साली मारांगूच्या पाच दिवसांवर गेले होते. शिखर न बघता परत आले. तेव्हा मी शाळेत भूगोल शिकवत होते. उंची वाढली की हवा विरळ होते हे दरवर्षी फळ्यावर लिहिणाऱ्या बाईने स्वतःसाठी ते वाचलं नव्हतं.

मारांगूच्या मुक्कामांचे आकडे बघा. पहिली रात्र मंदारा, २,७२० मीटर. दुसरी होरोंबो, ३,७२०. तिसरी किबो, ४,७२०. म्हणजे रोज बरोब्बर हजार मीटर वर. ३,००० मीटरच्या पुढे गेलं की झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असं उंचीवरच्या आजारांचे डॉक्टर सांगतात. इथे त्याच्या दुप्पट होते. शिवाय तिसरी रात्र नावालाच. जेवून आडवं व्हायचं, अकराला उठायचं आणि बाराला अंधारात शिखराकडे निघायचं.

मला उठवलं तेव्हा चहा-बिस्किटं समोर आली. चहाच्या नुसत्या वासाने पोटात ढवळलं. डोकं दुपारपासून ठणकत होतं, पण मी वाटाड्याला सांगितलं नव्हतं. उगाच परत पाठवेल ही भीती. वाटेतल्या हान्स मायर गुहेपर्यंत कशीबशी पोहोचले. तिथे त्याने बॅटरीचा झोत जमिनीवर टाकला आणि टाचेला पंजा लावत सरळ रेषेत दहा पावलं टाकायला सांगितलं. जन्मभर फळ्यावर रेघा मारलेल्या मला ती रेघ दिसत होती, पाय मात्र तिच्यावर पडत नव्हते. तोल जाणं हे मेंदूला सूज येत असल्याचं लक्षण, हे मला नंतर कळलं. तो एक शब्द बोलला नाही. माझी सॅक स्वतःच्या छातीवर अडकवली, मला दंडाला धरलं आणि उताराकडे वळवलं. सकाळी होरोंबोला पोहोचेपर्यंत मला चक्क भूक लागली होती. ह्या दुखण्यावर खाली उतरण्याइतकं हमखास औषध नाही.

चालायच्या सवयीने पाय तयार होतात, दम वाढतो. पण कमी प्राणवायूत शरीराला जे बदल करायचे असतात, ते करायला त्याला दिवसच लागतात. शिखरावर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या जेमतेम निम्मा. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, आणि किलिमांजारोच्या माचामे मार्गाचं गेटच १,८०० मीटरच्या आसपास आहे. म्हणजे आपला महाराष्ट्रातला सगळा सह्याद्री त्यांच्या फाटकाच्या खाली येतो. अजिंक्यतारा जरूर चालू ठेवा, पण त्याच्या जिवावर दिवस कापू नका. उलट आपल्यासारख्या तडतड चालणाऱ्यांनाच तिथे जास्त त्रास झालेला मी पाहिलाय, कारण आम्हाला हळू चालताच येत नाही. तिथले वाटाडे दिवसातून शंभर वेळा 'पोले पोले' म्हणतात, म्हणजे सावकाश सावकाश. दिवेघाटात पालखीमागून चालावं तशी ती चाल. पहिल्या दिवशी राग येतो, पाचव्या दिवशी पटते.

२०१६ला मी आठ दिवसांच्या लेमोशोने गेले आणि ५,८९५ मीटरवर, उहुरू शिखरावर, उभी राहिले. तेव्हा मी तीन वर्षांनी म्हातारी झाले होते आणि गुडघाही कुरकुरत होता. फरक फक्त दिवसांचा. लेमोशोने पहिल्या तीन दिवसांत आधी जंगल आणि मग शिराचं पठार. चौथ्या दिवशी लावा टॉवरला, ४,६०० मीटरपर्यंत चढायचं, डबा खायचा आणि बारांकोला ३,९०० ते ४,००० मीटरच्या दरम्यान झोपायला उतरायचं. चढा उंच, झोपा खाली. पाचव्या दिवशी बारांकोची भिंत हाताने धरत धरत चढायची. फोटोत दिसते तितकी ती अवघड नाही, हरिश्चंद्रगडाला नळीच्या वाटेने गेलेल्यांना तर घरचीच वाटेल. मग करांगाला मुक्काम. उंची जवळपास बारांकोइतकीच. नकाशावर हा मुक्काम फुकट गेल्यासारखा दिसतो, आणि स्वस्तातल्या आराखड्यातून नेमका तोच गाळतात. तुमच्या कोटेशनमध्ये करांगाची रात्र आहे का, ते आधी बघा. तिथेच शेवटचं पाणी. पुढच्या, शिखराआधीच्या शेवटच्या बाराफू तळाला लागणारं सगळं पाणी पोर्टर करांगाच्या ओढ्यातून वाहून नेतात. (बाराफू म्हणजे स्वाहिलीत बर्फ. शब्द दोघांकडेही फारसीतून आला. तसाच आपला विमा, त्यांचा 'बिमा'. मला ह्या दोन शब्दांनी तिथे उगाचच धीर आला.)

आता १,४०० डॉलरकडे येऊ. १९९१पासून तिथे वाटाड्याशिवाय चढायला परवानगीच नाही, त्यामुळे कंपनी घ्यावीच लागते. उद्यानाची फी मात्र सगळ्यांना सारखी. मी शेवटचा हिशेब मांडला तेव्हा दर असे होते : दिवसाला ७० डॉलर प्रवेश, तंबूच्या रात्रीला ५०, बचाव फी २०, आणि वर १८ टक्के कर. आठ दिवस, सात रात्रींचे होतात जवळपास १,१०० डॉलर. दर बदलतात, तेव्हा चालू दराने स्वतः गुणाकार करून बघा. उरले माणशी ३००, दोघांचे ६००. दोन प्रवाशांमागे वाटाडे, आचारी, पोर्टर धरून दहाएक माणसं लागतात. आठ दिवस, दहा माणसं, म्हणजे माणसाला दिवसाचे साडेसात डॉलर. ह्यातून अजून जेवण, तंबू, गाडी आणि कंपनीचा नफा वजा व्हायचाय. मग पोर्टरच्या हातात काय पडणार? बँकेत आहात, हे मी तुम्हाला सांगायला नको. एवढ्या स्वस्तातल्या सहलींवर जे पोर्टर जातात, ते पातळ जाकीट घालून आणि एका वेळचं खाऊन ओझी वाहतात. आठ दिवसांचे साधारण २,००० ते २,८०० डॉलर हा मला सरळ भाव वाटतो. वर बक्षिसी माणशी २०० ते ३०० धरून ठेवा.

कंपनीला हे विचारा : पोर्टरला रोज किती देता, त्यांना तीन वेळा जेवण आहे का, झोपायला तंबू कोणता? किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट नावाची संस्था ह्याच गोष्टींवर लक्ष ठेवते, तिच्या भागीदार यादीत तुम्ही आहात का, तेही विचारा. एका पोर्टरला २० किलोची मर्यादा आहे आणि गेटवर काटा लावून वजन होतं. तुमची बॅग १५ किलोच्या आत हवी. माझी पहिल्या खेपेला १८ भरली होती. सगळ्यांसमोर उघडून चकल्यांचा डबा बाहेर काढावा लागला.

हंगामाचं सोपं आहे. मार्च ते मे तिथे मोठा पाऊस, नोव्हेंबरात छोटा. जानेवारी-फेब्रुवारी किंवा जूनअखेर ते ऑक्टोबर बघा. तुमचं मार्चअखेरीचं क्लोजिंग आपोआप टळतं. पिवळ्या तापाची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रात घ्या आणि लसीच्या दाखल्याचं ते पिवळं पुस्तक पासपोर्टला रबराने बांधून ठेवा. नैरोबी किंवा अदिस अबाबाहून विमान बदललं तर जाताना आणि येताना दोन्हीकडे ते मागू शकतात. प्रवासविमा घेताना ६,००० मीटरपर्यंतचा ट्रेक धरलाय असं लेखी घ्या. नेहमीच्या पॉलिसीत बहुतेक वेळा नसतो.

आणि कॅरीबॅगा घरी ठेवा. २०१९पासून टांझानियात प्लास्टिक पिशव्यांना बंदी आहे आणि आपली तर मोज्यांनाही पिशवी, साबणालाही पिशवी. मी कपडे जुन्या उशीच्या अभ्र्यांत भरले होते. उत्तम चालतं.

शिखराच्या रात्रीचं एकच सांगते. पाण्याची नळी असलेली पिशवी नेऊ नका, नळी गोठते. रुंद तोंडाच्या बाटलीत गरम पाणी घ्या, मोज्यात घाला आणि सॅकमध्ये उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, त्यामुळे झाकण मोकळं राहतं. उतरताना शिखराखालच्या स्टेला पॉइंटपासून बाराफूपर्यंत नुसता घसारा आहे. आपल्याकडे तो उतरायची सवय झालेली असते, तिचा मात्र तिथे खरंच उपयोग होतो.

प्रश्न : बाबा ६७ वर्षांचे आहेत, रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. किलिमांजारोचा हट्ट धरून बसलेत. आई माझ्यावर चिडली आहे. त्यांना थांबवू का? उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी दिली तर जमेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : वयाने थांबवू नका. किमान वयाची अट आहे, दहा वर्षं. वरच्या वयाला नाही. बाबांच्या वयाचे लोक मी तिथे पाहिलेत, आणि ते पंचविशीतल्या पोरांपेक्षा शहाण्यासारखे चालत होते. पण हृदयाच्या डॉक्टरांकडे नेऊन स्ट्रेस टेस्ट करा, आणि 'ट्रेकला जायचंय' एवढंच न सांगता 'सहा हजार मीटरला जायचंय' असं सांगा. डायमॉक्समुळे शरीर उंचीला लवकर सरावतं, पण तिच्या भरवशावर दिवस कापायचे नसतात. सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, आणि रक्तदाबाच्या गोळीबरोबर चालेल का, हेही त्यांनाच विचारा. डायमॉक्स घेतल्यावर लघवी फार होते. थंडीत रात्री चार वेळा तंबूची चेन उघडायची तयारी हवी.

त्याआधी बाबांना एकदा हिमालयात ३,५०० ते ४,००० मीटरच्या ट्रेकला नेऊन आणा, म्हणजे उंचीवर त्यांचं काय होतं ते घराजवळ कळेल. आणि त्यांच्याकडून एक कबूल करून घ्या. डोकं दुखलं, खोकला लागला, बसल्या जागी धाप लागली, तर वाटाड्याला त्याच मिनिटाला सांगायचं. आमच्या पिढीला 'काही नाही, ठीक आहे' म्हणायची वाईट खोड आहे. माझं काय झालं ते त्यांना वाचायला द्या. आईलाही द्या.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी. आठ दिवस काय खायचं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : पोटभर खायचं. बुकिंग करतानाच सांगा, गेटवर नको, कारण भाजी पायथ्याच्या मोशी गावच्या बाजारातूनच भरून निघते. सूप, भात, पास्ता, बटाटे, कोबी-गाजराची भाजी, एवोकॅडो, केळी, चपात्या. हो, तिथेही त्याला चपातीच म्हणतात. दुपारी तळावर पोहोचलं की चहाबरोबर लाह्या येतात. अंडं चालत नसेल तर तेही वेगळं सांगा, त्यांच्या शाकाहारात अंडं बसतं.

सकाळी 'उजी' नावाची पेज येते. दुसऱ्या ट्रेकला ती वाटी पुढे आली तेव्हा मी एक चमचा घेतला आणि आचाऱ्याकडे बघतच राहिले. नाचणी! पातळ केलेलं, साखर घातलेलं आपलं नाचणीसत्त्व. तिथे नाचणीला 'उलेझी' म्हणतात. पायथ्याचे चग्गा लोक नाचणी आणि केळ्यांची दारूही करतात, ती मी चाखली नाही, पण आठ दिवस रोज दोन वाट्या उजी प्यायले.

घरून फार नेऊ नका, वजनाचं वर सांगितलंय. चार हजारांच्या वर माझ्या तरी जिभेची चव गेली आणि गोड तर नकोच झालं, त्यामुळे लाडू-वड्या तशाच परत आल्या. आंबट-तिखट न्या : लिंबाचं लोणचं, लसणीची चटणी, आणि पाव किलो मेतकूट. करांगाला संध्याकाळी आमच्या गटातल्या कुणालाच जेवण जाईना. मी आचाऱ्याकडून भात जरा मऊ करून घेतला, त्यावर मेतकूट आणि लोणच्याचा खार. एका जर्मन बाईंनी ताटात वाकून बघितलं आणि न विचारता चमचा पुढे केला. पाव किलो त्याच रात्री संपलं. दोन पाकिटं न्या.